पिसे सर आणि प्रोटॉनची डावी बाजू

पिसे सरांना कुणी "सर, तुमचं बरोबर आहे" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. "कशावरून?" असं लगेच विचारायचे, आणि समोरचा गप्प झाला की आणखी खट्टू व्हायचे. अशा माणसाच्या शेजारच्या खोलीत मी बारा वर्षं नोकरी केली. सोपं नव्हतं हो. आता ते नाहीत, आणि माझ्या कामात खोट काढायला कुणी येत नाही म्हणून मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मी मूळची कराडची. नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आले आणि दोन वर्षं घरात बसून कंटाळल्यावर इथल्या एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात कॉम्प्युटर सांभाळायच्या कामाला लागले. चाळीस मशीन, एक खडखडणारा एसी आणि मी. भौतिकशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात दारात एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ येऊन उभे राहिले. पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी.

"बाई, तुम्ही मराठी म्हणे?"

मी हो म्हटलं.

"आम्हीपण. घरात मराठीच बोलतो. स्वल्प कन्नड मिक्स आहे, अष्टेच."

स्वल्प म्हणजे थोडं, अष्टे म्हणजे एवढंच. थोडं कुठलं! त्यांचं वाक्य मराठीत निघायचं आणि कन्नडमध्ये पोचायचं. पहिले चार दिवस मला वाटलं, हे माझी थट्टा करताहेत. नंतर कळलं की पाच पिढ्या म्हैसूरला काढलेल्या घरातलं मराठी असंच असतं. त्यांचा सगळ्यात लाडका शब्द 'इरली', म्हणजे असू दे. कुणी कागदावर कॉफी सांडली, इरली. बढती हुकली, इरली. विभागप्रमुखांनी खोली काढून घेऊन जिन्याखालची दिली, तरी इरली. मी चिडायचे. "सर, भांडा की जरा!" तर म्हणायचे, "बाई, भांडायला प्रोटॉन आहे ना. तो पुरतो."

त्यांचं काम काय, ते त्यांनीच मला एकदा कॉफी पिता पिता सांगितलं. प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि त्यांच्या सगळ्या भाऊबंदांना हॅड्रॉन म्हणतात. त्यांच्या आत क्वार्क असतात. क्वार्क बाहेर काढून हातात घेता येत नाही. मग काय करायचं, तर प्रोटॉनवर वेगाने इलेक्ट्रॉन आदळायचा आणि जे उडून येतं त्यावरून आतलं घर ओळखायचं. अशा टकरींची यंत्रं परदेशात. आपल्याकडे कॉम्प्युटर. सर कॉम्प्युटरवर खोट्या टकरी घडवायचे, लाखोंनी. आतले क्वार्क अमुक तऱ्हेने फिरत असते तर बाहेर काय उडालं असतं, हे त्यांचा प्रोग्रॅम सांगायचा. मग खऱ्या यंत्रावरची माणसं ते आपल्या आकड्यांशी ताडून बघायची. "आपण अंदाज करतो, बाई, आणि मग त्या अंदाजाला उन्हात उभा करतो," असं ते म्हणायचे. अठरा वर्षं त्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला होता. चार देशांतली माणसं तो वापरायची, आणि आमच्या विभागात ते निम्म्या लोकांना ठाऊकसुद्धा नव्हतं.

माझी पहिली मोठी घोडचूक त्यांनीच पकडली. या खोट्या टकरी फाशांवर चालतात. प्रत्येक मशीनला सुरुवातीला एक आकडा द्यायचा, त्यावरून पुढचे सगळे फासे पडतात. मी नवखी. चाळीसही मशीनना मी एकच आकडा दिला. म्हणजे चाळीस मशीननी तीन दिवस राबून एकच टक्कर चाळीस वेळा घडवली. सर हातात आलेख घेऊन आले.

"बाई, हे ठिपके फार शहाण्यासारखे बसलेत हो. तुम्ही सगळ्यांना एकच आकडा दिला काय?"

मी रडायच्या बेताला आले. ते मात्र खूश! "अय्यो, रडता कशाला? चाळीस माणसं एकच गोष्ट एकाच सुरात सांगायला लागली तर तिथे एकच माणूस बोलतंय असं समजायचं. हे मला कळायला सहा वर्षं लागली, तुम्हाला तीन दिवसांत कळलं." त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची झाले, ती झालेच.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नव्हता. लहानपणी त्यांच्या घरी कापड छापायचं काम चालायचं तेव्हा ठसे मारायचे त्यांचे वडील, पण कापड तपासायची आत्या. ठसा कुठे सरकलाय, रंग कुठे फुटलाय, हे वडिलांनी बघायचंच नाही. वडील कितीही म्हणोत की ठीक आहे, आत्याने कापड उलटं धरून बघितल्याशिवाय ते घडी व्हायचं नाही. "ज्याने छापलं त्याला आपली चूक नक्षीच वाटते," सर सांगायचे. तोच नियम त्यांनी विद्यार्थ्यांना लावला. खोट्या टकरी लिहिणारा वेगळा, त्यातून उत्तर काढणारा वेगळा. सर आपल्या प्रोग्रॅममध्ये प्रोटॉनच्या आतलं एक गुपित घालायचे, ते कागदावर लिहून पाकिटात बंद करायचे आणि पाकीट माझ्या कपाटात ठेवायचे. विद्यार्थ्याने नुसत्या टकरींवरून ते गुपित शोधायचं. "हेच माझं शेवटचं उत्तर" असं त्याने लिहून दिलं की पाकीट फोडायचं. जुळलं तर प्रोग्रॅमही बरा आणि विद्यार्थीही बरा.

एकदा म्हैसूरच्या गोकुलम भागात योग शिकायला आलेला कुणी परदेशी पाहुणा त्यांचा पत्ता काढत आला. प्रोटॉनच्या आतल्या हालचालीत आणि श्वासाच्या लयीत काही नातं आहे का, असं त्याने विचारलं. मी तोंड फिरवून हसले. सरांनी मात्र त्याला बसवलं, कॉफी दिली, पाऊण तास ऐकलं आणि म्हणाले, "नाही म्हणायलासुद्धा मला पुरावा लागेल, आणि तो माझ्याजवळ नाही." तो बिचारा खूश होऊन गेला.

आता चंद्रिकेचं सांगते. हसण्यासारखं इथून पुढे फारसं नाही.

चंद्रिका हुणसूरकडची. वडील पुट्टस्वामी तंबाखू लावणारे. घरातली पहिली पदवीधर, आणि सरांची पीएचडीची शेवटची विद्यार्थिनी. रोज सरकारी बसने यायची आणि जायची, कारण मुलीने शहरात राहायचं नाही ही घरची अट. तिला मराठी येत नाही. आमचं कन्नड आणि इंग्रजीत चालायचं. दिसायला एवढीशी, पण कामाला बसली की जेवणाचं भान नाही. तिला सरांनी प्रोग्रॅमचा सगळ्यात नवा भाग दिला होता. प्रोटॉन स्वतःभोवती गिरकी घेत असतो. गिरकीची दिशा वर धरली, तर आतले क्वार्क डावीकडे जास्त झुकतात की उजवीकडे? एवढाच प्रश्न. पाकिटात एक दिशा लिहिलेली.

वर्षभर काम करून तिने लिहून दिलं, डावीकडे. मी कपाटातून पाकीट काढलं. सरांनी फोडलं. आत होतं, उजवीकडे.

"जा, परत बघ," सर म्हणाले. रागावले नाहीत. त्यांनी नवं पाकीट केलं. चार महिन्यांनी ती पुन्हा आली. पुन्हा उलटं. "कुठेतरी चिन्ह चुकतंय, नोडम्मा, बघ गं परत." तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मी तिथेच होते. सरांनी फक्त कागद तिच्याकडे सरकवला. मला सांगायला वाईट वाटतं, पण सांगते: त्या दिवशी सरांच्या चेहऱ्यावर 'ही मुलगी काही टिकत नाही' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ते तिनेही वाचलं.

तिकडे घरी वेगळंच चाललं होतं. पाच वर्षं झाली, वर सहावं लागलं. मुलगी रोज बसने जाते, येते आणि पास होत नाही, असं गावात बोललं जायला लागलं. टी. नरसीपूरचं एक स्थळ आलं होतं. वडिलांनी सांगून टाकलं, युगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, प्रबंधाचं पुस्तक पुरं कर, नाहीतर बस झालं. हे तिने सरांना सांगितलं नाही. मला सांगितलं, मशीनच्या खोलीत, एसीच्या खडखडाटात.

"मॅम, मला दोन मशीन द्या. तीन आठवडे. सरांना नका सांगू."

"कशाला?"

"सरांचा प्रोग्रॅम न वापरता, माझ्या माझ्या खोट्या टकरी करून बघते. अगदी लहान. फक्त डावं-उजवं कळण्यापुरत्या."

मी दिली. नियमात बसत नव्हतं, पण दिली. चोविसाव्या दिवशी ती माझ्यासमोर कागद घेऊन उभी राहिली, तोंडावर रंग नाही. चूक तिची नव्हती. कोन मोजताना आपण प्रोटॉनच्या कुठल्या बाजूला उभं राहून बघतो हे आधी ठरलेलं असतं. सगळं जग एका बाजूने बघतं. सरांचा तो नवा भाग दुसऱ्या बाजूने बघत होता. आपण कुणाच्या समोर उभं राहिलो की आपलं उजवं ते त्याचं डावं, तसं. आणि तो भाग लिहिला त्या वर्षी सरांकडे एकही विद्यार्थी नव्हता, म्हणून तपासायचा प्रोग्रॅमही त्यांनीच लिहिला होता. दोन्हीकडे त्याच चुकीच्या बाजूला उभे राहिले, म्हणून त्यांचं उत्तर दर वेळी छान जुळत गेलं आणि तसंच छापूनही झालं. एवढ्या वर्षांत आपला नियम त्यांनी एकदाच मोडला होता.

"मी कसं सांगू?" ती म्हणाली. "सर आहेत ते."

"जा आणि सांग. नाहीतर मी सांगते."

ती गेली. मी मागोमाग जाऊन दाराशी थांबले, खोटं कशाला बोलू. सरांनी तिचे कागद वाचले. मग आपली वही काढली, त्यात त्यांनी हाताने काढलेली आकृती होती. ती बराच वेळ बघितली. तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरायला लागून वर्ष झालं होतं, तो त्यांनी डाव्या हाताने दाबून धरला. मग ते उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, चंद्रिकेला खुर्चीवरून उठवलं, तिच्या जागी बसले आणि तिथून आपल्याच आकृतीकडे पाहिलं. जिन्यावरून मुलं धडाधड उतरत होती.

"तीनदा परत पाठवली ना तुला मी?"

"इरली, सर."

"इरली म्हणू नको!" ते ओरडले. बारा वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला तेवढाच ऐकला. मग हळू म्हणाले, "ही असू देण्यासारखी गोष्ट नाही. तू बरोबर होतीस आणि मी तुला तीनदा चूक म्हटलं. एकदाही मी उठून या बाजूला आलो नाही."

त्याच दुपारी त्यांनी प्रोग्रॅम वापरणाऱ्या सगळ्यांना पत्र लिहिलं. टाइप मी केलं, त्यांचा हात चालत नव्हता. मी आपलं शहाणपणाने लिहिलं की प्रोग्रॅमच्या एका भागात त्रुटी आढळली आहे. त्यांनी ते खोडायला लावलं. "आढळली नाही, बाई. मी केली. आणि चंद्रिकेने पकडली. तिचं पूर्ण नाव घाला." लोकांची उत्तरं सभ्य आली. पण दोन ठिकाणच्या लोकांनी त्यांचा प्रोग्रॅम कायमचा सोडला, आणि त्यातले एक त्यांचे जुने मित्र होते. सर त्या मित्राचं पत्र पिशवीत घालून हिंडत असत. माझ्या जिवाला ते लागायचं. मी एकदा म्हटलंही, "फेका की ते." त्यांनी ऐकलं नाही.

टी. नरसीपूरच्या स्थळाचं त्यांना माझ्याकडूनच कळलं. मी गप्प राहायला हवं होतं की नाही, देव जाणे. ते म्हणाले, "बाई, उद्या रजा टाका. हुणसूरला जाऊया."

"सर, तुम्हाला बसची पायरी चढवत नाही. पत्र लिहू."

"पत्र तिच्याच हातात पडेल. ती ते वडिलांना दाखवायची नाही, माझी अब्रू राखेल. बन्नी, चला, जाऊ."

कंडक्टरने आणि मी मिळून त्यांना वर चढवलं. हुणसूरहून रिक्षा करून पुट्टस्वामींच्या शेतावर गेलो. तंबाखू भाजायची भट्टी पेटलेली होती, आवारभर तो कडवट-गोड वास. पुट्टस्वामी धावतच आले. मेष्ट्रु घरी आले म्हणून. तिकडे मास्तरांना मेष्ट्रु म्हणतात. खुर्च्या पुसल्या, कॉफी सांगितली. सरांनी कॉफी हातात घेतली नाही.

"आधी ऐका," ते कन्नडमध्ये म्हणाले. "तुमच्या मुलीचं एक वर्ष फुकट गेलं. गावात म्हणतात तिला जमत नाही. तिचं उत्तर पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. चूक माझी होती आणि ती मला दिसली नाही. ते वर्ष मला परत देता येत नाही. म्हणून मागायला आलोय. तिला आणखी एक वर्ष द्या."

पुट्टस्वामी माझ्याकडे बघायला लागले, मी काही वेगळं सांगते का म्हणून. मी 'खरं आहे' म्हणून मान हलवली.

"ती हुशार आहे?" त्यांनी विचारलं. एवढंच.

"माझ्यापेक्षा," सर म्हणाले.

पुट्टस्वामी उठले, भट्टीच्या भिंतीतल्या काचेतून आतलं तापमान बघितलं, लाकूड सारलं आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले. सरांची कॉफी निवली. शेवटी आम्ही निघालो. परतताना मी बसमध्ये सरांवर चिडले. एवढं जाऊन काय मिळवलं? ते म्हणाले, "मिळवायला कुठे गेलो होतो, बाई? सांगायला गेलो होतो." पण त्यांना रडू येत होतं, आणि ते मला दिसू नये म्हणून ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पुढचे आठ दिवस चंद्रिका आली नाही. सर रोज तीनदा मशीनच्या खोलीत डोकावायचे आणि काही न विचारता परत जायचे. नवव्या दिवशी ती आली. वडिलांनी स्थळाला नकार कळवला होता. "पुढच्या युगादीपर्यंत," ती म्हणाली आणि मशीनसमोर बसली. मी सरांना सांगायला गेले तर ते टेबलावर डोकं टेकून बसले होते. मी सांगितलं. त्यांनी डोकं उचललं नाही.

ते वर्ष तिने स्वतःला कामाला जुंपून घेतलं आणि तेच वर्ष सरांना खात गेलं. आधी हात, मग पाय, मग आवाज. शेवटी शेवटी ते बोलायचे तेव्हा ओठांजवळ कान न्यावा लागे. त्यांच्या सौ. म्हणायच्या, आयुष्यभर हळू बोलले, आता त्याहून हळू. तरी घरी पडून राहिले नाहीत. चंद्रिकेच्या पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही, आणि मी चुकीच्या जागी थांबले की ते बोटाने टेबलावर टकटक करायचे.

चंद्रिकेची शेवटची तोंडी परीक्षा खुली होती, कुणीही येऊन बसावं अशी. पुट्टस्वामी पांढरा शर्ट घालून आले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. सर मागच्या बाकावर बसले होते, मी त्यांच्या डाव्या हाताला. पुट्टस्वामी आत आले, सगळीकडे पाहिलं आणि येऊन सरांच्या उजव्या हाताला बसले. नमस्कार नाही, बोलणं नाही. पडद्यावर आलेख यायला लागले तसे सर त्यांच्या कानाशी लागून कन्नडमध्ये सांगायला लागले, हे काय, ते काय. ते अगदी मन लावून ऐकत होते.

चंद्रिका छान बोलली. मग बाहेरून आलेले परीक्षक चष्मा काढून म्हणाले, "तुमचं उत्तर तुमच्या मार्गदर्शकांनी छापलेल्या उत्तराच्या अगदी उलट आहे. त्यांना या विषयात तीस वर्षं झाली आहेत. आम्ही तुमचं का मानावं?"

सगळं तिच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. तिने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण तिने मागच्या बाकाकडे पाहिलं आणि तिची वाचा बसली. भरल्या सभेत, आजारी माणसासमोर, सर चुकले होते असं तिच्याच्याने म्हणवेना. परीक्षक वाट बघत राहिले. तिचे डोळे भरून आले. इतकं करून ही इथे अडते की काय!

सर उठायला लागले. बाकाला धरून अर्धे उठले आणि बोलले, पण ओठ नुसते हलले, पुढच्या बाकापर्यंतसुद्धा ऐकू गेलं नाही. परीक्षक म्हणाले, "काय? कोण बोलतंय?" पुट्टस्वामींनी सरांच्या तोंडाशी कान नेला. ऐकलं. त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. मग स्वतः उभे राहिले आणि शेताच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला ऐकू जावं एवढ्या आवाजात कन्नडमध्ये म्हणाले,

"मेष्ट्रु सांगताहेत, चूक त्यांची आहे. माझी मुलगी बरोबर आहे."

पुट्टस्वामी तसेच उभे, हात जोडलेले, आपण काही वावगं तर बोललो नाही ना म्हणून घाबरलेले. परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी तो थरथरता हात उचलून चंद्रिकेकडे केला, सांग पुढे, म्हणून. तिने डोळे पुसले आणि खडू घेऊन फळ्याकडे वळली. सर पुढे वाकून बघायला लागले, तिची रेघ कुठल्या बाजूने सुरू होते ते.